मुलांची फेल रिले भरवताना: वाट, बदलीचा चौक आणि मोजदाद

उत्तर इंग्लंडातल्या उघड्याबोडक्या, गवताळ डोंगरांना ‘फेल’ म्हणतात. लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स, पेनाइन्स या भागांत क्लबांची मुलं या डोंगरांवर शर्यती धावतात. ब्रिटनमधल्या अनेक मराठी घरांतले आईबाबा मुलांमुळे क्लबात ओढले जातात आणि एक दिवस आयोजनाची फाइल त्यांच्या हातात येते. साध्या शर्यतीत सगळी मुलं एकदम सुटतात, एकामागोमाग परत येतात. रिलेत मात्र दीड तास मुलं सुटतही असतात आणि परतही येत असतात. या क्षणी डोंगरावर कोण आहे, याचं उत्तर सतत हाताशी ठेवणं हेच सगळ्यात अवघड काम, आणि बाकीची आखणी त्याच्याभोवती करायची असते.

वाट आखताना एकच मैदान धरा. प्रत्येक टप्पा तिथूनच सुटावा आणि तिथेच संपावा. दूरच्या ठिकाणी बदली, म्हणजे एका मुलाने येऊन पुढच्याला सोडायची जागा, ठेवली की मुलांची ने-आण, दोन ठिकाणचे प्रथमोपचार आणि दोन याद्या सांभाळाव्या लागतात. तीन मुलांचा संघ सोयीचा. लहान गटासाठी सव्वा ते दीड किलोमीटर, मोठ्यांसाठी त्याच वाटेला पुढे जोडलेलं वरचं वळण. वयोगट आणि प्रत्येक गटाला मान्य असलेलं कमाल अंतर फेल रनर्स असोसिएशनच्या चालू वर्षाच्या नियमांतूनच घ्या. चढाचा अंदाज हवा असेल तर ‘ए’ वर्गाच्या फेल शर्यतीत किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ असतो; म्हणजे दीड किलोमीटरला ७५ मीटर. लहानांना तेवढा पुष्कळ झाला.

पहिल्या टप्प्याला तीस संघ असतील तर तीस मुलं एकदम सुटतात. म्हणून सुरुवातीचे ३०० मीटर रुंद, चढतं कुरण हवं. त्याआधी फाटक किंवा कुंपणावरची पायरी आली की तिथे चेंगराचेंगरी होते आणि मागची मुलं बाजूच्या दगडी भिंतीवर चढतात. त्या भिंती चुन्याशिवाय नुसत्या रचलेल्या असतात. वरचा दगड निसटला की पायावर येतो, आणि भिंत शेतकऱ्याची पडते. अशा जागी मोठं माणूस उभं हवंच.

खुणांसाठी नुसती टेप बांधू नका, मेंढ्या ती चघळतात. बांबूच्या काठ्यांना झेंडे लावा. जुलै-ऑगस्टात ब्रॅकन नावाचं नेचं मुलांच्या डोक्याच्या वर जातं, तेव्हा काठी दीड मीटरपेक्षा उंच हवी. उतारावर एका झेंड्यापाशी उभं राहिल्यावर पुढचे दोन दिसले पाहिजेत, कारण मुलं उतरताना पायांकडे बघतात, मान क्षणभरच वर करतात. ही तपासणी मुलाच्या उंचीवर वाकून करा.

तारीख ठरवताना एप्रिल-मे सोडा. तेव्हा मेंढ्या वितात. जूनअखेरची संध्याकाळ उत्तम, साडेनऊपर्यंत उजेड असतो. पण गवत कापायच्या आधी शेत पार्किंगला मिळत नाही, तेव्हा त्याची चौकशी आधी करा. जमिनीचा मालक आणि ती कसणारा शेतकरी बहुधा वेगळे असतात. परवानगी दोघांचीही घ्या.

आता बदलीचा चौक. टेप लावून दहा मीटर लांब, चार मीटर रुंद जागा आखा, आत येणारी वाट एका बाजूने आणि बाहेर जाणारी दुसऱ्या बाजूने. शेजारी पुढच्या मुलांनी थांबायची जागा वेगळी. मैदानाच्या १५० मीटर अलीकडे वॉकीटॉकी घेऊन एकजण उभा राहतो आणि येणाऱ्याचा क्रमांक सांगतो. चौकातला माणूस तो मोठ्याने पुकारतो, पुढचं मूल आत येतं. बॅटन देऊ नका. उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि नेच्यात पडलेलं बॅटन सापडत नाही. हाताला हात लावला की बदली झाली.

क्रमांक संघाचा एकच, पण टप्प्यांचे रंग वेगळे: पहिला लाल, दुसरा पिवळा, तिसरा निळा. तो छातीवर, चारही कोपऱ्यांना पिन लावून. क्रमांकाच्या तळाला फाडता येणारी पट्टी ठेवा. मूल परत आलं की ती फाडून दोऱ्यात ओवायची. घड्याळाची नोंद कितीही चांगली असली तरी ही पट्टीच खरी हजेरी. कारण नेहमीचा घोटाळा असा होतो: पाय मुरगळलेलं मूल वाटेतच आईबाबांना भेटतं आणि परस्पर गाडीत जाऊन बसतं. मग अंधार पडेपर्यंत वीस माणसं डोंगर धुंडाळतात. म्हणून माघार घेतली तरी पट्टी चौकातच द्यायची, हे नोंदणीच्या वेळी पालकांना तोंडी सांगा.

उशीर होऊ लागला की उरलेल्या संघांचा तिसरा टप्पा एकदम सोडतात. तोवर ‘एका संघाचं एकच मूल डोंगरावर’ हा हिशेब चालतो. त्या क्षणी तो मोडतो, कारण दुसरं मूल अजून वरच असतं. त्यामुळे सोडण्याआधी पिवळे किती बाकी आहेत ते लिहून घ्या. निकालही बेरजेने: दुसरा ६१ मिनिटांवर आला आणि तिसरा ५५व्या मिनिटाला सुटून ६६व्याला पोचला, तर संघाची वेळ ६१ अधिक ११, म्हणजे ७२ मिनिटं. हे आधीच जाहीर करा, नाहीतर आधी पोचलेल्या मुलाला आपण हरलो कसे ते कळत नाही.

जॅकेटची तपासणी नोंदणीला नको, चौकाच्या तोंडाशी करा. नोंदणीला केली की तिघं मिळून एकच जॅकेट फिरवतात, आणि ते नेमकं डोंगरावर असलेल्याच्या पाठीवर नसतं. टोपी असलेलं, शिवणी सीलबंद केलेलं जॅकेट प्रत्येकाचं स्वतःचं हवं, सोबत शिट्टी. मिनिटात सहा वेळा फुंकायची, मग एक मिनिट थांबायचं, हे मुलांकडून एकदा करून घ्या. थांबलेली मुलंही गारठतात. बदलीची हाक येईपर्यंत अंगात उबदार कपडे राहू द्या.

शिखरावर ढग उतरले तर खालची पर्यायी वाट आदल्या दिवशीच आखलेली हवी. विजा दिसल्या की शर्यत थांबवा. अपघातात ९९९ लावून आधी पोलीस आणि त्यांच्यामार्फत माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचावपथक, मागायचं. वाटेवर उभ्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या, म्हणजे वाटाड्याच्या, कार्डावर हे त्याच्या जागेच्या नकाशा-क्रमांकासह (ग्रिड रेफरन्स) छापा. वाटाडे दोघादोघांनी उभे करा, एकट्याला नको.

लहान क्लबांकडे एका गटात दोनच मुलं निघतात. त्यांना दुसऱ्या क्लबातल्या मुलाबरोबर मिश्र संघ म्हणून धावू द्या. बक्षीस नाही, पण वेळ नोंदवायची. अशा मुलांना परत पाठवलं की तो क्लब पुढच्या वर्षी येत नाही. नावं बदलण्याची मुभा सुटण्याआधी अर्धा तास, एकाच टेबलावर, कागदावर.

सगळे गेल्यावर झेंडे सर्वांत वरून काढत खाली या आणि वाटेतली फाटकं तपासा: सकाळी उघडी होती ती उघडी, बंद होती ती बंद.