ओपन सोर्सवर उभं केलेलं सॉफ्टवेअर विकायचंय? मग हे आधी करा

नव्याने सॉफ्टवेअर करणारी मुलं मला विचारतात, "फुकटची टूल्स वापरलीत, मग पैसे कसे मागायचे?" बिनधास्त मागा. जीपीएल हे ओपन सोर्समधलं कडक लायसन्ससुद्धा पैसे घ्यायला मनाई करत नाही. मात्र ग्राहकाला सोर्स कोड द्यावा लागतो आणि त्याने तो पुढे वाटला तर अडवता येत नाही.

समजा, किराणा दुकानासाठी पायथनमध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर केलंय आणि कोड आपल्यापाशीच ठेवायचाय.

आधी कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे नुसती कामाला वापरलेली हत्यारं लिहा: एडिटर, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट, आयकॉन काढायचं इंकस्केप. उजवीकडे ग्राहकाच्या कॉम्प्युटरवर उतरणारं सगळं. डाव्या रकान्याची काळजी सोडा. जीपीएलच्या गिम्पमध्ये काढलेलं चित्र तुमचंच असतं. पायथनच्या कोडची एक्सई करून देणाऱ्या पायइन्स्टॉलरचा थोडा कोड तुमच्या एक्सईत जातो खरा, पण त्याच्या लायसन्समध्येच तशी सवलत दिलेली आहे.

उजव्या रकान्यासाठी पिप-लायसेन्सेस चालवा, ते पायथनच्या लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आणि त्यांची लायसन्स यांची यादी काढतं. तुम्ही घेतलेल्या लायब्ररीने मागोमाग आणलेल्या लायब्रऱ्याही त्यात दिसतात. व्हिडिओसाठीच्या एफएफएमपेगसारखी बाहेरून जोडलेली एक्सई त्यात येत नाही, ती हाताने लिहा. एमआयटी, बीएसडी, अपाची यांपैकी एखादं सैल लायसन्स असेल तर कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत दिला की बहुतेक काम झालं. एसक्यूलाइट या डेटाबेसला तर तेवढीही अट नाही.

जीपीएल दिसलं की थांबा, नाहीतर तुमचा कोडही द्यावा लागेल. माझ्या पहिल्या बिलिंग प्रोग्रॅमच्या सगळ्या खिडक्या मी पायक्यूटी या लायब्ररीत केल्या होत्या. ते एकतर जीपीएलखाली घ्यायचं, नाहीतर व्यावसायिक लायसन्स विकत घ्यायचं. मला हे कळलं ते इन्स्टॉलर करायला बसल्यावर. मग सगळं पायसाइड या तशाच लायब्ररीवर नेलं, कारण ते एलजीपीएल या जीपीएलहून सौम्य लायसन्सखाली मिळतं. दोन्ही क्यूटी या मूळ लायब्ररीवरच चालतात, त्यामुळे बरंचसं काम इंपोर्टच्या ओळींत आटोपलं. 'पायक्यूटीसिग्नल'च्या जागी नुसतं 'सिग्नल' आलं. तरी प्रत्येक खिडकी पुन्हा तपासावी लागलीच.

एलजीपीएललाही अटी आहेत. त्या लायब्ररीचा सोर्स मिळाला पाहिजे आणि ग्राहकाला ती बदलून लावता आली पाहिजे. म्हणून सगळं एकाच एक्सईत कोंबू नका, फोल्डर करून द्या. म्हणजे क्यूटीच्या डीएलएल (लायब्ररीच्या फाइली) वेगळ्या राहतात. करारात रिव्हर्स इंजिनिअरिंगवर (तयार प्रोग्रॅम उकलून आतलं काम शोधण्यावर) सरसकट बंदीही घालू नका, कारण बदललेली लायब्ररी लावून दोष शोधण्यापुरती मुभा एलजीपीएल ग्राहकाला देतं.

सॉफ्टवेअर वेबवर चालवणार असाल तर एजीपीएल या जीपीएलच्या भावंडाला जपून. तो कोड बदलून किंवा आपल्या कोडात मिसळून नुसता सर्व्हरवर चालवला, तरी वापरणाऱ्यांना सोर्स द्यावा लागतो.

आता इन्स्टॉलरमध्ये लायसन्सचं फोल्डर करा: लायब्ररीचं नाव, आवृत्ती, कॉपीराइट, पूर्ण मजकूर. 'मदत' मेनूतून ते उघडू द्या. प्रत्येक नव्या आवृत्तीआधी यादी पुन्हा काढा. लायसन्स बदलतात, रेडिस या डेटाबेसने 2024 मध्ये बीएसडी सोडलं, तेव्हा जुनी यादी बघून बसलेल्यांना ते कळलंही नसेल.