मॉडेलकडून प्रश्नोत्तरं लिहून घेताय? तपासणीची तयारी आधी करा

द्राक्षबागायतदारांना मराठीत उत्तरं देणारं छोटं एआय भाषा मॉडेल घडवायचं आणि त्यासाठी लागणारी हजारो प्रश्नोत्तरं एखाद्या मोठ्या मॉडेलकडून लिहून घ्यायची, असा बेत तासगाव, पलूस, मिरज भागात कुणी आखत असेल तर ही यादी त्यांच्यासाठी. एकदा हे काम पार फसलंय, म्हणून सांगतोय: पहिल्या कामाचा क्रम बदलू नका. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल.

पहिलं काम म्हणजे माणसांनी विचारलेले खरे प्रश्न गोळा करून, शेवटी छोट्या मॉडेलची परीक्षा घेण्यासाठी, एका वेगळ्या फाइलीत बंद करून ठेवणं. मोठ्या मॉडेलला पहिला प्रॉम्प्ट, म्हणजे लिहिण्याची सूचना, देण्याच्या आधी. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर विचारलेले, व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले, फोनवर सांगितलेले. शुद्धलेखन सुधारू नका, नाव आणि नंबर तेवढे काढा. दोन-तीनशे प्रश्नांनीही सुरुवात होते. या फाइलीतला एकही प्रश्न नमुना म्हणून प्रॉम्प्टमध्ये जाता कामा नये. चार उदाहरणं दिली की मॉडेल चांगलं लिहितं हे खरंय, पण ती चार दुसरीकडून आणा. नाहीतर मॉडेल त्याच प्रश्नांची भावंडं लिहीत सुटतं, परीक्षाही त्यांच्यावरच होते, आणि निकाल झकास लागतो. तो निकाल काही कामाचा नसतो.

शेतकरी विचारतो, "बाग चाळीस दिसाची हाय, राती पाऊस झाला, पानामागं पांढरं दिसतंय, काय मारू?" मॉडेल लिहितं, "द्राक्ष पिकावरील केवडा रोगाचे व्यवस्थापन कसे करावे?" दोन्ही प्रश्न डाऊनीचेच, म्हणजे केवड्याचेच. पण मॉडेलच्या प्रश्नात रोगाचं नाव आयतं आलंय, म्हणजे निम्मं उत्तर प्रश्नातच. खऱ्या प्रश्नात दिवस छाटणीपासून मोजलेत हेसुद्धा समोरच्यानं ओळखायचंय. हा फरक दिसायला शेजारी खरा प्रश्न लागतो. तो वेगळा काढलेला नसेल तर तुम्ही मॉडेलची तुलना मॉडेलशीच करत बसाल. पुन्हा सांगतो, आधी फाइल बंद करा, मग प्रॉम्प्ट लिहा.

दुसरं, बागेतला माणूस. डेटा तपासायला फक्त मराठी चांगली असलेली मंडळी बसवू नका. आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी, आणि पीक एकच. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपतो आणि छाटणी तेव्हाच होते. मॉडेल कधीकधी तिकडचं ज्ञान उचलून लिहितं, "हिवाळ्यात वेली सुप्तावस्थेत असताना छाटणी करावी." वाक्यात एक चूक काढून दाखवा! पण जानेवारीत तासगावात कात्री चालवली तर खाली घड पडतील. फवारणीचं प्रमाण, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, एकर की हेक्टर, हे सगळं जाणकारानं प्रत्यक्ष लेबलाशी ताडून पाहायचं. औषधाच्या प्रमाणात 'साधारण बरोबर' असं काही नसतं.

प्रत्येक नोंदीला, म्हणजे प्रश्नोत्तराच्या जोडीला, एकच गुण देऊ नका. प्रश्न अर्थपूर्ण आहे का, उत्तर बरोबर आहे का, उत्तर त्याच प्रश्नाचं आहे का, हे वेगवेगळं लिहा. २०२२ मधल्या सेल्फ-इन्स्ट्रक्ट नावाच्या संशोधनात जीपीटी-३ या मोठ्या मॉडेलकडून सूचना (प्रश्नांसारखी कामं) आणि त्यांची उत्तरं लिहून घेतली होती. त्यातल्या २०० नमुन्यादाखल तपासल्यावर ९२ टक्के सूचना अर्थपूर्ण निघाल्या, उत्तरं मात्र ५८ टक्केच बरोबर, आणि सगळं मिळून निर्दोष अशा नोंदी ५४ टक्के. नुसते प्रश्न चाळणाऱ्याला डेटा उत्तमच वाटला असता. सांगलीच्या हळद बाजारात हळकुंड मोडून आतला रंग बघतात, पॉलिशवर जात नाहीत. तसं उत्तर मोडून बघा. नमुनाही फाइलीच्या वरच्या पानाचा नको. विषयवार चिठ्ठ्या टाका, नाहीतर भुरी-डाऊनी या नेहमीच्या रोगांचीच तपासणी होते आणि घड जिरण्याचे (कोवळा घड वेलीवरच नाहीसा होण्याचे) प्रश्न कुणी उघडतही नाही.

नकला, म्हणजे त्याच त्या नोंदी पुन्हा येणं. इथे मराठीची वेगळीच भानगड आहे. 'शेतकऱ्यांना' मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना सारखाच, संगणकाला वेगळा. 'ॲप'चंही तेच. आधी सगळा मजकूर एका साच्यात आणा, मगच नकला शोधा. शब्द जुळवून शोधलं तर बाग, बागेला, बागेतल्या हे तीन वेगळे शब्द ठरतात, म्हणून अक्षरांचे तुकडे जुळवा. सलग १३ शब्द जुळतात का हे बघण्याची पद्धत जीपीटी-३ च्या वेळी, २०२० मध्ये वापरली होती. आपले प्रश्नच मुळात तेवढे लांब नसतात. आणि नकला डेटाच्या आत शोधून थांबू नका, बंद फाइलीशीही जुळवा. जुळलेली नोंद डेटातून काढायची, फाइलीतून नाही! फाइलीला हात लावायचाच नाही.

दुसऱ्या मॉडेलला परीक्षक नेमणार असाल तर नेमा, स्वस्त पडतं. पण हे परीक्षक आधी दाखवलेल्या उत्तराकडे आणि लांबलचक उत्तराकडे झुकू शकतात, हे २०२३ पासून नोंदलं गेलंय. क्रम उलटा करून पुन्हा विचारा. मत बदललं तर ते मत धरू नका. डेटा ज्या मॉडेलनं लिहिला त्यालाच परीक्षक करू नका, एवढं तरी सांगायला लागू नये. शंभरेक नोंदी दोन माणसांना एकमेकांना न विचारता तपासायला द्या आणि परीक्षकाचं त्यांच्याशी किती जुळतं ते बघा. दोन माणसांचंच आपसात जुळत नसेल तर निकष धड लिहिलेले नाहीत.

शेवटची चाचणी: छोटं मॉडेल एकदा या डेटाशिवाय आणि एकदा यासह शिकवा, आणि दोन्हींची परीक्षा बंद फाइलीवर घ्या. फरक पडला नाही तर डेटा टाकून द्या, जीव अडकवू नका. मॉडेलचं लिहिलेलं पुन्हापुन्हा मॉडेलला खाऊ घातलं की दुर्मीळ गोष्टी आधी गळतात, हे २०२४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलंय. खरा मजकूर मिसळत राहा. प्रॉम्प्ट, मॉडेलची आवृत्ती, तारीख प्रत्येक नोंदीसोबत ठेवा. 'एक भाषा मॉडेल म्हणून' असली वाक्यं शोधून उडवा. अर्धवट तुटलेली उत्तरंही. मोठ्या मॉडेलच्या अटी वाचा, त्याच्या मजकुरावर दुसरं मॉडेल शिकवायला काहींची मनाई असते. बॅकअप घ्या.