थंडीच्या दिवसांत सौरपंपावर पाणी कधी द्यायचं?

आभाळ निरभ्र असलं की सौरपंप दिवसभर जोरात चालतो. तेच निरभ्र आभाळ रात्री जमिनीतली ऊब वर सोडून देतं. त्यात वारा पडला की नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे पहाटे पारा झरझर उतरतो आणि नेमका तेव्हा सौरपंप बंद असतो. उत्तरेत पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची हवा) पुढे सरकून आभाळ मोकळं झालं की पुढचे दोन-तीन दिवस सावध राहा. हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवर किमान तापमान घसरताना दिसलं, तर पहाटेची वाट बघत बसू नका.

द्राक्षबागेला थंडीपासून वाचवायला त्या दिवशी दुपारी तीनच्या आत हलकं पाणी द्या. ओली जमीन उन्हाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडी, भुसभुशीत जमीन लवकर गार पडते. शेततळं आदल्या दिवसांतच भरून घ्या. ते वरच्या अंगाला असेल तर पहाटे सायफनने पाणी सोडता येतं, मोटार लागत नाही. थंडी अडवायला बागेत करतात त्या धुरावर माझा फारसा भरवसा नाही. झुळूक आली की तो शेजारच्या बागेत जातो. गव्हाची काळजी नको, त्याला ही थंडी मानवते.

आता पॅनेलकडे या. 22 डिसेंबरच्या सुमारास नाशिकला भर दुपारीही सूर्य जेमतेम 46-47 अंश वर येतो. म्हणजे वीस फुटी कडुलिंबाची सावली उत्तरेला जवळजवळ वीस फूट पडते. जूनमध्ये हीच सावली बुंध्याशी होती, म्हणून पंप बसवताना कुणाच्या लक्षात येत नाही. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या ओळीची वीज घटते. पॅनेलच्या दक्षिणेकडच्या झाडांच्या फांद्या छाटा. सांगाड्याला कोन बदलायची सोय असेल तर हिवाळ्यात तो 35 अंशांच्या आसपास ठेवा. दव आणि धूळ मिळून काचेवर चिखलाचा पापुद्रा धरतो. तो सकाळी, काच तापायच्या आत, साध्या पाण्याने धुवा.

ढगाळ दिवशी पंप कुंथत चालेल, पण ढगांच्या पांघरुणामुळे रात्र उबदार जाईल. त्या दिवशी पाण्याची घाई करू नका. द्राक्षावर भुरी (पांढरी बुरशी) आणि हरभऱ्यावर घाटेअळी दिसते का, ते आधी बघा.