वाचनालयातल्या किशोर उपक्रमांत शेजारच्या व्यावसायिकांना कसं सामील करून घ्यावं

तेरा-चौदा वर्षांची झाली की मुलं वाचनालयाकडे फिरकेनाशी होतात. बालविभागाच्या खुर्च्या त्यांना बुटक्या पडतात आणि मोठ्यांच्या टेबलापाशी बसलं की गप्प राहावं लागतं. त्यांना पुन्हा यावंसं वाटेल असं काही सुरू करायला आसपासचे दुकानदार आणि कारागीर फार उपयोगी पडतात. मात्र त्यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन जाऊ नका. देणगी एकदाच मिळते. हातातलं कौशल्य शिकवणारा माणूस वर्षानुवर्षं येत राहतो.

आधी मुलांशी बोला. पाच-सहा जणांना बसवून ‘तुम्हाला काय आवडेल?’ असं विचारलंत तर सगळी एकमेकांकडे बघत राहतील. त्याऐवजी ‘घरी करू देत नाहीत असं काय करून बघायचंय?’ असं विचारा. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, कारण तिथे मुलं नुसती शोभेला किंवा नावापुरती असतात. मोठ्यांनी सगळं ठरवून झाल्यावर मुलांना बोलावलं, तर आपणही त्याच पायऱ्यांवर अडकतो.

मग मुलांनी सांगितलेल्या गोष्टींची यादी हातात घेऊन परिसरात एक फेरी मारा. सायकल दुरुस्त करणारा, शिंपी, छापखाना, छायाचित्रकार, वायरमन: यादीतल्या कशाशी कोण जुळतं ते पाहा.

भेटायला गर्दी नसलेल्या वेळी जा आणि नेमकं मागा. ‘आम्हाला सहकार्य करा’ यातून समोरच्याला काहीच कळत नाही. ‘पुढच्या महिन्यात एका रविवारी दीड तास, बारा मुलं, पंक्चर काढायला शिकवाल का?’ याला हो किंवा नाही म्हणता येतं. नकार आला तर जुन्या ट्यूब मिळतील का, एवढं तरी विचारा. बदल्यात काय देणार तेही सांगून टाका: फलकावर नाव आणि जाहीर आभार. गिऱ्हाईक वाढेल असं आश्वासन देऊ नका.

होकार आला की एक पानभर लेखी ठरवून घ्या. ओळख असली की हे लिहायला संकोच वाटतो, तरी टाळू नका. कार्यक्रमात विक्री होणार नाही. मुलांची नावं आणि फोन नंबर कुणालाही दिले जाणार नाहीत. पालकांच्या लेखी संमतीशिवाय फोटो काढायचे नाहीत. कोणतंही मूल एकाच मोठ्या माणसासोबत एकटं राहणार नाही. हत्यारं, वीज, गरम इस्त्री असेल तिथे देखरेख कोण करणार, तेही लिहा. शिकवण्याच्या नावाखाली दुकानाचं काम मुलांकडून करून घेतलं जाणार नाही, हे कलम मी कधीच सोडणार नाही. तंबाखू, दारू आणि जुगाराशी संबंध असलेल्यांना तर सुरुवातीलाच नकार द्या.

कार्यक्रम लहान ठेवा. पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटांत आवरा आणि उरलेला वेळ मुलांच्या हातांना द्या. शेजारच्या टेबलावर त्या विषयाची पुस्तकं उघडी मांडून ठेवा. यंत्रांची चित्रं असलेली, चरित्रं, एखादी कादंबरीसुद्धा. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेले नियम अशा टेबलापाशी खरे होताना दिसतात. मात्र पुस्तक घेतलंच पाहिजे असा आग्रह धरू नका.

दोन दिवसांच्या आत मुलांच्या हस्ताक्षरातलं आभाराचं पत्र त्या व्यावसायिकाला पोचवा. किती मुलं आली याबरोबरच महिन्याभरात त्यांतली किती परत आली, तेही वहीत टिपा. आणि पुढच्या दुकानात विचारायला जाल तेव्हा बोलायला मुलांनाच पुढे करा.