परंपरेबद्दल इंग्रजीत बोलताना या चुका टाळा

वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला एक पत्र लिहायचं, हा आमच्या आजोबांचा नेम. ते काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं तेव्हा मी एका परदेशी सहकाऱ्याला मोठ्या उत्साहाने कळवलं, ‘माय ग्रँडफादर पास्ड ऑन लास्ट इयर, सो नाउ आय राइट द लेटर्स.’ उत्तरादाखल सांत्वनाचा लांबलचक मेल आला. आजोबा तेव्हा शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

सगळा घोळ एका ‘इट’चा. ‘पास्ड इट ऑन’ म्हणजे पुढे सोपवलं. ‘इट’ गळला की माणूस वारला. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या गोष्टीसाठी ‘पास डाउन’ किंवा ‘हँड डाउन’ म्हणा: ‘द कस्टम हॅज बीन हँडेड डाउन टू अस.’ ‘हँड ओव्हर’ किल्ल्या किंवा चार्ज देताना. ‘हँड-मी-डाउन’ मात्र थोरल्या भावंडाने वापरून झालेला कपडा, तो परंपरेला चिकटवू नका. मूळ लॅटिनमध्ये ‘ट्रॅडिशन’ म्हणजे सोपवणंच, आणि त्याच क्रियापदातून ‘ट्रेटर’ म्हणजे फितूरही आला.

सर्वांत जास्त पाय घसरतो तो ‘यूज्ड टू’वर. ‘मी रोज पाचला उठतो’ असं सांगायला आपण सर्रास ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह’ म्हणतो. ऐकणारा समजतो, पूर्वी उठायचा, आता सुटलं. चालू सवयीला साधा वर्तमानकाळ पुरे: ‘आय गेट अप ॲट फाइव्ह.’ अंगवळणी पडलंय असं सांगायचं तर ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह’. इथे ‘गेट’ नाही, ‘गेटिंग’. ‘वुइ यूज्ड टू मीट एव्हरी इयर’ म्हणालात तर तुम्ही एक प्रथा बंद पडल्याचं जाहीर केलंत, हे लक्षात ठेवा.

आपला ‘पद्धत’ हा शब्दही गोत्यात आणतो. ‘आमच्याकडे अशी पद्धत आहे’ याचं ‘वुइ हॅव धिस सिस्टीम’ किंवा ‘मेथड’ होतं आणि घराचा कारखाना वाटायला लागतो. एकट्या माणसाची ती हॅबिट, समाज पाळतो ती कस्टम, पिढ्यांमागून आलेली ट्रॅडिशन. रोजच्या बोलण्यात ‘इट्स कस्टमरी टू टेक ऑफ युअर शूज’ किंवा नुसतं ‘वुइ ऑलवेज टेक ऑफ अवर शूज’ छान वाटतं. ‘ॲज पर अवर ट्रॅडिशन’ मला तरी नोटिशीची भाषा वाटते.

‘कस्टम’ला ‘स’ लागला की जरा जपून. ‘कस्टम्स’ म्हणजे रूढीही आणि सीमाशुल्कही. पूर्वापार प्रथेप्रमाणे द्यायचा कर म्हणून तो शब्द तिकडे गेला. ‘कॉस्च्यूम’ त्याच घराण्यातला, पण त्याचा अर्थ फक्त पोशाख.

‘फ्रॉम मेनी इयर्स’ हे आपल्या ‘-पासून’चं भाषांतर. ‘वुइ हॅव डन धिस फॉर मेनी इयर्स’ म्हणा. ठरावीक साल असेल तर ‘सिन्स 1990’.

‘राइट ऑफ पॅसेज’ बोलताना चूक दिसत नाही, लिहिताना दिसते. यातला ‘राइट’ हक्काचा नाही, विधीचा आहे, स्पेलिंग आर-आय-टी-ई. लोकसंस्कृतीचे अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांच्या 1909 च्या फ्रेंच ग्रंथामुळे रुळलेला हा शब्दप्रयोग आयुष्याचा एक टप्पा ओलांडून देणाऱ्या विधीसाठी होता. आता पहिली नोकरी किंवा पहिली मुलाखतही त्यात बसते. दरवर्षीच्या समारंभाला मात्र तो लावू नका.

कुटुंब जुन्या वळणाचं आहे म्हणून ‘ऑर्थोडॉक्स’ लिहू नका, त्यात धार्मिक कर्मठपणा आला. ‘ट्रॅडिशनल’ पुरतं. ‘ओल्ड-फॅशन्ड’मध्ये बऱ्याचदा हलकासा टोमणा असतो.

शेवटी ‘देश तसा वेश’. ‘ॲज द कंट्री, सो द ड्रेस’ ऐकून कोणालाही वाटेल, कपड्यांविषयी चाललंय. इंग्रजीत त्यासाठी रोम आहे: ‘व्हेन इन रोम, डू ॲज द रोमन्स डू’, म्हणजे रोममध्ये असाल तर रोमकरांसारखं वागा. चौथ्या शतकात मिलानचे बिशप ॲम्ब्रोज यांना शनिवारच्या उपवासाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की रोममध्ये असलो की करतो, मिलानमध्ये करत नाही. म्हण तिथली मानतात. बोलताना ती पूर्ण म्हणायची गरज नसते. ‘वेल, व्हेन इन रोम…’ म्हणून खांदे उडवायचे. उरलेलं समोरच्याला पाठ असतं.