जर्मनीतल्या 'आपल्या' कारखान्यात रुजू होताना

पुण्याहून डेप्युटेशनवर जर्मनीत येताय, तेही भारतीय कंपनीने विकत घेतलेल्या कारखान्यात. घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्त्याची नोंद करा, नाहीतर पुढची सगळी कामं अडतात. बाकीची कागदपत्रं एचआर सांगेल. मला बोलायचंय ते कारखान्याच्या आतलं.

कंपनी आपली आहे, हे डोक्यातून काढून टाका. शेअर आपले आहेत, एवढंच. इथे अवघे पाच कामगार असले तरी त्यांना बेट्रीब्सराट, म्हणजे निवडून दिलेली कामगार समिती, स्थापता येते. ओव्हरटाइम द्यायचा किंवा पाळ्यांच्या वेळा बदलायच्या, तर तिची संमती लागतेच. गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून फोन येतो, 'ऑर्डर अडलीय, शनिवारी लाइन चालवा.' तिथल्या तिथे हो म्हणू नका. कोणती लाइन, किती माणसं, किती तास, बदली सुट्टी कधी, हे कागदावर मांडून समितीच्या अध्यक्षांना भेटा. दिवसाला फार तर १० तास काम आणि दोन पाळ्यांमध्ये ११ तास विश्रांती, असा साधारण नियम आहे. रविवारचा तर विषयच काढू नका. आणि पुण्याला कळवताना 'हे लोक सहकार्य करत नाहीत' असं कृपा करून लिहू नका. कायदा काय आहे ते लिहा.

कंपनी विकत घेतली तरी ती मनासारखी चालवता येत नाही, हे भल्याभल्यांना जड गेलंय. पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनने २००७ मध्ये फ्रान्सच्या आरेव्हा या ऊर्जा कंपनीशी चढाओढ करून हॅम्बुर्गच्या आरईपॉवर या पवनचक्क्यांच्याच कंपनीचा ताबा मिळवला. पण जर्मन कायदा उरलेल्या छोट्या भागधारकांचं हित जपतो, त्यामुळे तिचं तंत्रज्ञान आणि रोकड मनासारखी वापरता येईना. पूर्ण मालकी यायला २०११ उजाडलं, तोवर कर्ज डोईजड झालं होतं. २०१५ मध्ये तीच कंपनी, सेन्व्हिऑन या नव्या नावाची, सुमारे १ अब्ज युरोला विकावी लागली.

तुमच्या मशिनवरच्या माइस्टरला, म्हणजे अनुभवी मुख्य कारागिराला, मात्र वेगळीच धास्ती असते: आज ड्रॉइंग चाकणला जाईल, उद्या मागोमाग काम जाईल. म्हणून पहिल्याच आठवड्यात मोबाइल काढून फिक्स्चरचे, म्हणजे मशिनवर जॉब धरून ठेवणाऱ्या साच्यांचे, फोटो घेऊ नका. काय हवंय, कशासाठी हवंय, ते आधी सांगा. नोकऱ्या टिकतील का, असं त्याने विचारलं आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर खोटा दिलासा देऊ नका. त्याला आज हायसं वाटेल, पण उद्या तो तुमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

जर्मनचा क्लास आल्याआल्या लावा. आणि दुपारी कँटीनमध्ये सगळे मराठी एका टेबलावर बसू नका. माइस्टरच्या टेबलावर जागा असेल तर तिथे डबा उघडा.