हाताचं ऑपरेशन: पूर्ण भूल की नुसता हात बधिर? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात दादरच्या फुलबाजारात आई घसरली आणि मनगट मोडलं. प्लेट बसवायची ठरली. भूलतज्ज्ञांनी विचारलं, "पूर्ण भूल देऊ की हाताला ब्लॉक, म्हणजे इंजेक्शनने नुसता हात बधिर करू?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

ब्लॉकच आहे, मग सकाळी चहा-बिस्किट घेतलं तर काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं. बिघडतं. ब्लॉक अपुरा पडला तर ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते आणि पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. साधारणपणे हलकं खाणं 6 तास आणि पाणी 2 तास आधी बंद करतात. तुम्हाला सांगतील ती वेळ पाळा.

"जागेपणी सगळं दिसेल" या भीतीने ब्लॉक नाकारू नका. मध्ये पडदा असतो, गुंगीचं औषधही देतात. पूर्ण भुलेनंतरची मळमळ, घशाची खवखव बऱ्याचदा टळते. पण ब्लॉक सरसकट बरा असंही नाही. खांद्यासाठी मानेत ब्लॉक दिला की त्या बाजूचं श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) काही तास ढिलं पडू शकतं; फुप्फुसाचा जुना आजार असेल तर दम लागतो. मनगटासाठी काखेतून देता येतो, तिथे ही अडचण नसते. म्हणून दम्याचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाताला आधीपासून येणाऱ्या मुंग्या, काही लपवू नका. इंजेक्शनच्या वेळी ओठांभोवती बधिरपणा, कानात आवाज किंवा तोंडात धातूसारखी चव जाणवली तर तिथल्या तिथे बोला.

खरी मोठी चूक आम्ही घरी येताना केली. हात गळ्यात अडकवायची झोळी पिशवीतच राहिली. टॅक्सीत प्रत्येक खड्ड्याला आईचा हात मांडीवरून घरंगळायचा आणि तिला पत्ताच नसायचा. बधिर हात दुमडतो, दबतो, गरम कपाला टेकला तरी कळत नाही. झोळी घालाच.

रात्री "दुखतच नाही गं" म्हणत तिने गोळी घेतली नाही. पहाटे तीनला ब्लॉक उतरला आणि ती उशी दातात धरून रडली. गोळी बधिरपणा उतरण्याआधी, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला द्या. त्यासाठी गजर लावावा लागला तरी लावा.

बोटं थंड किंवा निळसर पडली, प्लास्टर आवळायला लागलं, गोळीनेही कळ वाढतच गेली किंवा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत हात बधिरच राहिला, तर सकाळची वाट न बघता फोन करा.